ओलीस चिंच

चिंच गाडीतून खाली उतरवली आणि हौसाक्कांचा चेहरा बदलला.

तोवर सगळं कसं गोडीत चाललं होतं. पाटेवाडीच्या त्या घरापुढं आम्ही उतरलो तेव्हा आक्कांनी स्वतः पाण्याचा तांब्या पुढं केला, गुळाचा चहा झाला, सोलापूरहून एवढ्या लांब आलात म्हणून माझ्या नवऱ्याच्या पाठीशी उशी आली. चहाचा पहिला घोट मी तोंडात घोळवला. आमच्याकडं बोअरच्या पाण्याच्या चहावर मेणचट तवंग येतो. इथं तो नव्हता. पाणी हलकं होतं, गोडं होतं. मी यांच्याकडं बघितलं. यांनी दुसरा कप मागून घेतला होता, म्हणजे यांच्या बाजूनं जागा पसंत पडली होती.

मग मी मागच्या सीटवरून चिंच काढली. हातभर उंचीची, उथळ कुंडीतली, बावीस वर्षांची. बाळंतिणीनं मूल धरावं तशी ती छातीशी धरून ओट्यावर आणून ठेवली.

"हे काय?" आक्कांनी विचारलं.

"चिंच."

"ही? एवढीशी?"

"बोन्साय म्हणतात याला, आक्का. मी वाढवलीय. बी लावल्यापासून."

"वाढवलीय," आक्का म्हणाल्या. त्यांनी आधी झाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या खांद्यावरच्या कापडी गुंडाळीकडं. त्यात माझ्या कात्र्या, पकड, आकडी, छोटी करवत असं सगळं असतं. सत्तरीच्या बाईची नजर, पण सुई ओवता येईल अशी. "दिनकर, तू तर नर्सरीवाल्या बाई म्हणला हुतास."

"नर्सरीच की गं. झाडंच ती," दिनकर म्हणाला. हा त्यांचा मुलगा. दूध डेअरीचा टेंपो चालवायचा, आणि घरामागचा पडीक तुकडा भाड्यानं द्यायचं त्याच्या डोक्यातून निघालं होतं.

"जरा आत ये," आक्का म्हणाल्या.

मायलेक आत गेले. कुजबुज झाली. बाहेर आल्या तेव्हा आक्कांनी पदर कमरेला खोचला होता, आणि त्यानंतर दिवसभर त्यांनी माझी पाठ सोडली नाही.

*

आम्ही का हिंडत होतो ते सांगायला हवं. सोलापुरात आमच्या घराच्या गच्चीवर माझी झाडं होती. वड, पिंपळ, चिंच, बोगनवेल. कुणी शिकवलं नव्हतं. एकदा भिंतीतून उपटलेलं पिंपळाचं रोप टाकवेना म्हणून फुटक्या बशीत लावलं आणि ते जगलं, तिथून सुरुवात. मेलेली झाडं हेच माझे गुरुजी. पण शेजारी मोठ्या इमारती झाल्या, त्यांच्या बोअर खोल खोल गेल्या, आणि आमचं पाणी सवळ, खारट होत गेलं. नळाचं पाणी यायचं तेव्हा यायचं. कुंड्यांच्या कडेला पांढरे थर बसायला लागले, पानांच्या कडा इस्त्रीचा चटका बसावा तशा करपायला लागल्या. मागच्या उन्हाळ्यात निम्मी झाडं गेली. आणखी एक मे महिना या पाण्यावर काढला तर माझ्याकडं रिकाम्या कुंड्यांचा संग्रह राहणार होता.

हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले होते. "तुझ्या झाडांसाठी घर सोडायचं म्हणजे," एवढंच म्हणाले आणि गाडीत हवा भरून आणली.

पाचगणी बघितली. तिथं चार महिने असा पाऊस की झाडांच्या आधी मलाच बुरशी आली असती. नाशिककडं पाणी छान होतं, पण चहूबाजूंनी द्राक्षबागा, आणि वाऱ्यावर येणारी त्यांची फवारणी. सावंतवाडीला यांचं मन होतं. तिथं माझी नणंद राहते. मी म्हणाले, तिथली हवा माझ्या चिंचेला मानवायची नाही. खोटं होतं असं नाही, पण पूर्ण खरंही नव्हतं.

आणि जागा नुसती बघून मी ठरवत नाही. माझी एक रीत आहे. नवीन जागी आधी एक झाड महिनाभर ठेवायचं, तिथल्या हवेत, तिथल्या पाण्यावर, आणि मग पानं बघायची. माणसं खोटं बोलतात, पाणी तपासायचा मीटरसुद्धा कधीकधी बोलतो, पानाची कड बोलत नाही. यांचं म्हणणं, त्यासाठी एखादं हलकंसलकं झाड न्यावं. मला ते पटलं नाही. जे झाड जगायला हवं त्यालाच विचारलं पाहिजे. म्हणून चिंच.

पावसाळ्यात कुणाचीही विहीर भरलेली असते, म्हणून मुद्दाम फेब्रुवारीत निघालो होतो. भुदरगडच्या डोंगरातली ही पाटेवाडी यादीतली शेवटची. हिच्यापुढं काही नव्हतं.

*

"विहीर तेवढी बघू या," मी म्हणाले.

"चावी हरवलीय," आक्का म्हणाल्या.

"मोटार जळलीय," दिनकर त्याच क्षणी म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"आन् साप हाय आत," आक्कांनी भर घातली.

"कसला साप?" यांनी विचारलं.

"मोठा."

विहीर घरामागंच होती. भोवतीनं बाभळीच्या काट्यांचं दाट कुंपण, आत उतरायच्या पायऱ्यांना लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप, आणि वर अर्ध्या भागावर पत्रे टाकून त्यांवर धोंडे ठेवलेले. कुणी पाण्याची एवढी राखण करत नाही. मी फाटकाशी गेले तर आक्का माझ्या आणि फाटकाच्या मधे उभ्या.

"फोनवर तर हा म्हणाला होता, बारमाही पाणी आहे, केव्हाही बघा," मी म्हणाले.

"पाणी हाय की. पाण्याला काय झालंय?"

"मग बघायला काय हरकत?"

"पाणी प्यायचं असतंय, बाई. बघायचं काय त्यात?"

तेवढ्यात हे कुंपणाबाहेरच्या मोटारीच्या खोक्याशी वाकले, हात लावून बघितला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "कस्तुरी, मोटार कढत आहे. जळलेली मोटार गरम नसते. हिनं आत्ता, आपण यायच्या आधी पाणी उपसलंय."

"मग खोटं का बोलतायत?"

"ते तू शोध. मला भूक लागलीय."

मी आक्कांना म्हणाले, "बरं, विहिरीचं पाणी तरी कळशीभर आणून द्या. माझ्या समोर."

"देते की." त्या घराच्या पलीकडच्या बाजूला गेल्या आणि कळशी घेऊन आल्या. समोर भरली नव्हतीच.

"हे विहिरीचंच ना?"

"मग काय काशीवरनं आणलंय?"

मी मीटर बुडवला. आकडा इतका खाली की मीटरच बिघडला असं वाटलं. मग माझ्या पद्धतीनं बघितलं. चुलीवरच्या काळ्या तव्यावर त्या पाण्याचे चार थेंब टाकले आणि वाळू दिले. सोलापूरच्या पाण्याचा थेंब वाळला की तव्यावर पांढरं कडं उमटतं, रांगोळीचं टिपकं वाटावं असं. इथं काही नाही. तवा काळाच्या काळा.

पाणी इतकं चांगलं होतं की माझा संशय वाढला. घराच्या वरच्या अंगाला ओहोळ होता, त्याची झुळझुळ ऐकू येत होती. मनाशी सगळं जुळलं. विहिरीचं पाणी खराब तरी असणार नाही तर आटत तरी आलेलं असणार. हे ओहोळाचं आणून विहिरीचं म्हणून दाखवतायत. आपण झाडं घेऊन येणार, भाडं सुरू होणार, आणि एप्रिलात ओहोळ आटला की यांचा साप बाहेर येणार.

जेवायला बसलो. घनसाळ तांदळाचा भात, आमटी, नाचणीची भाकरी, वर घरच्या म्हशीचं दही. यांनी तिसऱ्यांदा भात घेतला. मी डोळ्यांनी खुणावलं, की जागेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. यांनी मान डोलावली आणि आक्कांना म्हणाले, "अशी आमटी आमच्याकडं होत नाही बघा. पाण्याचा गुण."

"व्हय, पाणी चांगलंच हाय आमचं," आक्का माझ्याकडं बघत म्हणाल्या. "माणसं चांगली यायला पायजेत."

जेवण झाल्यावर मी मागच्या बाजूला संडासला गेले. बाहेर आले तर आक्का भिंतीला टेकून उभ्या.

"तुम्ही इथं?"

"म्हणलं, वाट चुकाल."

संडास घरापासून दहा पावलांवर होता.

ओट्यावर परत आले, चिंचेला पाणी घातलं, एक वाळकी डहाळी दिसली म्हणून कात्रीसाठी हात घातला, तर गुंडाळी नाही. गाडीत बघितलं. सीटखाली बघितलं. यांना विचारलं. यांनी स्वतःचे खिसे चाचपले, जणू त्यांत करवत मावली असती.

आता मात्र माझा आवाज चढला. "दिनकर, माझी हत्यारं कुठायत? इथंच ठेवली होती."

दिनकर जमिनीकडं बघत राहिला.

"माझ्यापाशी हायत," आक्का म्हणाल्या. आवाजात काडीची लाज नाही. "कोंबड्यांच्या डालग्याखाली. जाताना मिळतील."

"म्हणजे? तुम्ही चोरलीत?"

"चोरून न्यायची बात तुमी करू नगा, बाई! दुसरं कुणीबी करू दे, तुमी करू नगा!"

"मी? मी काय चोरलं तुमचं? सकाळपासून बघतेय, चावी हरवली, मोटार जळली, साप आहे. मोटार गरम आहे तुमची. ओहोळाचं पाणी विहिरीचं म्हणून पाजताय. आम्ही काय दूधपिते आहोत?"

"ओव्हळाचं?" आक्कांचं तोंड उघडंच राहिलं. "सकाळी टाकीत भरून ठेवलेलं माझ्या विहिरीचं पाणी, त्याला ओव्हळ म्हणताय?"

"मग दाखवा की विहीर!"

"दावीन आन् काय? उद्या याल पहार घेऊन!"

पहार कशाला, हे मला कळेना. मी यांच्याकडं बघितलं. हे दिनकरकडं बघत होते. शेवटी दिनकरच बोलला.

"काकू, तीन वर्षांमागं एक साहेब आलेले. असंच, जागा बघायला. त्यांच्याबी गाडीत असलंच झाड होतं कुंडीत. असल्याच कात्र्या. लई गोड माणूस. आईला आई म्हणायचे."

"पाया पडला माझ्या," आक्का म्हणाल्या.

"विहीर दाखवली. आमच्या विहिरीत भिंतीला दोन उंबरं होती, दगडांच्या फटीतनं आलेली. लहान. आजोबांच्या आधीपासनं तेवढीच हायत म्हणतात. साहेब म्हणाले, वा, छान. आई म्हणाली, हवंय का काय? म्हणाले, छे छे, मला काय करायचंय, नुसतं बघतो. आठ दिवसांनी आम्ही भाचीच्या लग्नाला गेलो, परत आलो तर एक उंबर न्हाई. पहारीनं दगड उचकटून काढलेला."

"दगड गेला तशी भितच ढासळली तिथली," आक्का म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "आन् त्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. माझ्या सासऱ्यानं बघितला नव्हता कधी तळ. दोनातली एक म्हस इकली मी. एक उंबर गेलं, त्याच्या मागनं पाणी गेलं. आता एक ऱ्हायलंय. हाय ते पाणी त्यानंच धरलंय. तेबी जायला लागलं तर मी बाई काय करू?"

ढासळलेल्या दगडांनी झरा बुजला असणार, मग कुणीतरी थोडाफार मोकळा केला असणार, हे मला कळत होतं. सांगावंसं वाटलं नाही. सांगून त्यांचं पाणी वाढणार नव्हतं.

"तुमची चिंच बघितली आन् मला तो साहेबच दिसला," आक्का म्हणाल्या.

मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि हरवलेली चावी काढली.

"चला. बघायलाच आलाय न्हवं."

*

घडीव दगडाची विहीर होती. पायऱ्या उतरताना गारवा वर आला. खाली पाणी होतं, फेब्रुवारी असूनही चांगलं पुरुषभर असावं, इतकं नितळ की तळाचे दगड दिसत होते. पाण्याची शंका तिथंच संपली. पण मी पाणी बघत नव्हते.

दिनकरनं वरचा एक पत्रा बाजूला सारला आणि समोरच्या भिंतीवर ऊन पडलं.

उंबर जेमतेम दीड हाताचं. खोड मांडीएवढं जाड, मातकट, गाठींनी भरलेलं. भिंतीतून बाहेर येऊन ते पाण्याकडं झुकलं होतं आणि मग विचार बदलल्यासारखं वर वळलं होतं. पानं इवलीशी. खोडालाच हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी उंबरं लगडलेली. आणि मुळं. मुळं दगडांवरून बोटांसारखी पसरत खाली पाण्यापर्यंत गेली होती, भिंतीनं स्वतःचा हात पाण्यात सोडावा तशी.

मी आयुष्यभर जे करत आले ते इथं कुणीही न करता झालं होतं. फट, दगड आणि वरून येणारं तेवढंच ऊन. बावीस वर्षं तारा बांधून, छाटून, उपाशी ठेवून माझ्या चिंचेला जे वळण आलं नाही ते याला होतं. कुठला दगड आधी सैल करायचा, मुळं किती लांब ठेवून कापायची, ओल्या गोणपाटात कसं बांधायचं, हे सगळं मी तिथं उभ्या उभ्या ठरवून टाकलं. ठरवलं म्हणजे, ठरलं. मला विचारून नाही.

"कस्तुरी," मागून हे म्हणाले. यांनी माझी मान बघितली होती. पस्तीस वर्षांत यांना माझी मान वाचता यायला लागलीय.

आक्का माझा चेहरा बघत होत्या. उंबराकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"हवंय?" त्यांनी विचारलं.

"हवंय," मी म्हणाले.

हे पायरीवरच बसले. "अगं..."

"हवंय, आक्का. असलं झाड मी बघितलं नाही. आज रात्री मला झोप येणार नाही."

आक्कांनी हातातली चावी फिरवली. मग म्हणाल्या, "तो म्हणला हुता, मला काय करायचंय."

"माझ्यासारखं झाडवेडं माणूस हे बघून असं म्हणालं ना, तर समजायचं, ते पहार घेऊन येणार."

आक्कांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू असेलही. वर आल्यावर त्यांनी डालगं उचललं आणि माझी गुंडाळी माझ्या हातात दिली. मी चिंचेची कुंडी उचलायला गेले. एवढ्या तमाशानंतर कुठला महिना आणि कुठली परीक्षा. तर आक्कांनी कुंडीवर हात ठेवला.

"हे ऱ्हाऊ दे."

"कशाला?"

"ठेवायलाच आणलं हुतं न्हवं? महिनाभर ठेवा. ओलीस. माझ्या उंबराला कुणाचा हात लागला, तर तुमची चिंच मी चुलीत घालीन. न्हाई लागला, तर महिन्यानं या, बघू भाड्याचं काय ते."

"आई!" दिनकर म्हणाला.

"तू गप. त्या साहेबाचं काय हुतं आपल्यापाशी? काय न्हाई. म्हणून गेलं."

मी यांच्याकडं बघितलं. यांनी हात वर केले. मी आक्कांना बजावलं, रोज सकाळी पाणी, दुपारचं ऊन, शेळ्यांपासून लांब, आणि बाकी काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं राखायचं.

"पाच लेकरं वाढवल्यात मी," आक्का म्हणाल्या. "झाड काय घेऊन बसलाय."

*

तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. गच्चीवरच्या वडाची पानं कडेनं करपत होती, आणि माझं मन पाटेवाडीत. दिनकरला फोन केला की तो म्हणायचा, "चिंच मजेत हाय, काकू." "पानं कशी आहेत?" "हायत की." "फोटो पाठव." मग त्याच्या फोनचा कॅमेरा बिघडायचा. मोटार जळली म्हणताना त्याचा आवाज असाच आला होता.

"विकली असणार," मी म्हणाले.

"कुणाला? पाटेवाडीत कोण घेतंय बोन्साय?" हे म्हणाले.

"शेळीनं खाल्ली असणार."

"मग तसं सांगितलं असतं."

"चुलीत घातली असणार."

"उंबराला तू हात लावलास का?"

"नाही."

"मग?"

गुढीपाडवा झाला आणि आम्ही निघालो. या खेपेला आक्का दारात आल्या, पण तांब्या पुढं झाला नाही. मी ओटा बघितला. ओट्यावर चिंच नव्हती. गोठ्याशी नजर गेली. माझी उथळ निळी कुंडी म्हशीच्या रेडकापुढं होती आणि तीत पेंड भिजत होती.

"कुठाय?" मी म्हणाले.

"रागावणार न्हाई तर दावते."

"कुठाय माझी चिंच?"

त्यांनी मला घराच्या पलीकडं नेलं, परसात. तिथं, काट्यांच्या छोट्या कुंपणात, जमिनीत, माझी चिंच उभी होती. तारा काढलेल्या. भोवती शेणखताचं आळं, आळ्यात सकाळचं पाणी. आणि तिच्या अंगभर पालवी फुटली होती. नुसती फुटली नव्हती, उधळली होती. हिरव्या डहाळ्या चहूकडं निघालेल्या, बावीस वर्षांच्या माझ्या वळणाची कुणाला पर्वा नाही अशा. शाळा सुटल्यासारख्या.

"बघवंना मला," आक्का म्हणाल्या. "रोज पाणी घालायची आन् बघायची. बशीत बसवलेलं. हातापायाला तारा. एक दिस उचलून बघितलं, तर मुळ्या नुसत्या कोंबलेल्या, एकमेकींच्या उरावर. मी म्हणलं, बाई, बाईला काय सांगायचं ते सांगू, पण हे मी करणार न्हाई. मोकळं केलं."

दिनकर लांब उभा होता. त्याच्या कॅमेऱ्याला काय झालं होतं ते आता कळलं.

हे वाकून चिंच बघत होते. "काढता येईल का गं?"

"येईल," मी म्हणाले. "महिनाभराची मुळं आहेत. काढता येईल. तारा पुन्हा..." मी खाली बसले आणि एक पान हातात घेतलं. मग दुसरं. टोकापासून देठापर्यंत हिरवं. कुठं एक करपलेली कड नाही, ठिपका नाही. एवढं निरोगी पान सोलापुरात मी शेवटचं कधी बघितलं ते आठवेना.

आक्कांना माझं तोंड दिसत होतं. त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. त्यांनी चावी काढली, फाटक उघडलं आणि दिनकरला म्हणाल्या, "पत्रं काढ सगळं." मग माझ्याकडं वळून, "जावा. काढून घ्या उंबर. मी तुमचं मोडलं, तुमी माझं न्या. फिट्टंफाट."

"आई, पाणी..." दिनकर म्हणाला.

"काढ म्हणते न्हवं!"

पत्रे खणखणत बाजूला झाले. मी गुंडाळी घेतली आणि पायऱ्या उतरले. आक्का वर कठड्याशी विहिरीकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

ऊन भरपूर होतं. उंबर हाताच्या अंतरावर. महिनाभर रोज रात्री मनातल्या मनात मी ते ज्या दगडापासून काढलं होतं, तो दगड खरोखरच सैल होता. बोट घातलं तर हलला. अर्ध्या तासाचं काम होतं, आणि माझ्याइतकं सुखरूप ते कुणी काढलं नसतं. मी मुळावर हात ठेवला. ओलं होतं, गार होतं. पाण्यात खाली माझं तोंड दिसत होतं, आणि वर आक्कांची पाठ. पाठीवरचा पदर हलत होता. वारा नव्हता.

मी सैल दगड आत दाबून बसवला, शेजारच्या कपारीतली खडी फटीत ठोकली, दोनदा थापटून बघितला. मग ओंजळभर पाणी प्यायले आणि वर आले.

"निघालं?" आक्कांनी विचारलं. पाठ तशीच.

"नाही निघत. फार आत रुजलंय."

"खोटं बोलताय."

"हो."

त्या वळल्या. डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. बराच वेळ त्या माझ्या रिकाम्या हातांकडं बघत राहिल्या.

"मग बाकीची झाडं कधी आणताय?" त्या म्हणाल्या.

"आठवड्यात. मेच्या आत सगळी हलवायची आहेत. पण एक सांगून ठेवते आक्का, त्यांतल्या एकाही झाडाला तुम्ही हात लावायचा नाही. एकाही. कुंडीतलं कुंडीत राहणार."

"बघू," आक्का म्हणाल्या.

"बघू नाही. शब्द द्या."

"वड हाय म्हणता त्यात?"

"आहे."

"वड? बशीत?" त्यांनी कपाळाला हात लावला. "न्हाई बाई. शब्द न्हाई देणार मी."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. इथं पाटेवाडीत आमचं चांगलं चाललंय, झाडांचंही. चिंच परसात जमिनीतच आहे. सकाळी उठून चूळ भरायच्या आधी मी कुंड्या मोजते.